दोर न सोडणारी राखणदारीण

डोंगराळ मुलखात एक चिमुकलं राज्य होतं. इतकं चिमुकलं, की राजा शिंकला तर शेजारच्या राज्यातले लोक 'शतायुषी व्हा' म्हणायचे. पण त्या राज्यातली नदी मोठी होती, आणि नदीतल्या खडस माशांचं नाव तर राजापेक्षाही मोठं होतं.

पितळेच्या रंगाचा, रुपयाएवढ्या खवल्यांचा तो मासा गळाला लागला, की काठी धरणाऱ्याला काठाकाठानं अर्धा कोस पळवायचा. दूरदूरचे शौकीन त्याच्याशी झुंजायला यायचे. पोट भरायला नव्हे, खेळायला. गावात तेवढे दिवस खानावळी चालत, होड्या चालत, घोड्यांना चारा विकला जाई.

खेळाला नियम होते. पावसाळा लागला की खडस माद्या खालच्या डोहातून निघायच्या आणि प्रवाहाच्या उलट पोहत डोंगरातल्या उथळ, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालायला जायच्या. अंडी घालून झाली की पुन्हा खाली डोहात यायच्या. त्या वर असेपर्यंत कोणीही गळ टाकायचा नाही. सगळ्यांना ते कळावं म्हणून डोहाच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत अंबाडीचा एक जाड दोर ताणलेला असे. दोर आहे, म्हणजे हंगाम बंद. दोर सुटला, म्हणजे हंगाम उघडला.

दुसरा नियम असा, की एका माणसानं दिवसाला एकच मासा न्यायचा. आणि हातभराहून लांब मासा लागला, तर गळ काढून त्याला पाण्यात परत सोडायचं. कारण खडसांमध्ये मोठा मासा म्हणजे मादी, आणि मादी म्हणजे पुढची दहा वर्षं.

हंगाम कधी उघडायचा याची तारीख मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. ते नदीचा राखणदार ठरवायचा. तो उजाडताना डोहात लाह्या उधळायचा. थोरल्या माद्या लाह्या टिपायला वर आल्या, तर त्या परतल्या असं समजून दोर सोडायचा. बारक्या माशांनीच लाह्या खाल्ल्या, तर दोर तसाच राहायचा. कधी दसऱ्याला सुटायचा, कधी दिवाळी उलटून गेल्यावर. सोडायचा तो राखणदारानंच, दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही.

त्या वेळी राखणदारी होती ठमाबाई नावाच्या एका भोईणीकडे. नवरा गेल्यावर काम तिच्याकडे आलं होतं. त्या कामाबरोबर काठावरचं कौलारू घर होतं आणि भाताचं एक खाचर होतं. तिचा धाकटा दीर, त्याची बायको आणि ती, सगळे त्यावरच जगत होते. राखणदारी गेली तर घर जाणार, खाचर जाणार, हे तिला सांगायला कोणाची गरज नव्हती.

एका वर्षी राजाला पन्नाशी लागली. राजाचा प्रधान नवा होता आणि हुशार होता. हुशार माणसं करतात तसंच त्यानं केलं. आधी आमंत्रणं धाडली आणि मग नदीची चौकशी केली. बावीस राजे आणि सरदार कोजागरीला येणार, दुसऱ्या दिवशी गळाच्या शर्यती, आणि सगळ्यांत वजनदार मासा धरील त्याला सोन्याचं कडं, असं दवंडी पिटून जाहीरही झालं. मग प्रधान पालखीतून उतरून ठमाबाईच्या अंगणात आला.

"ठमाबाई, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दोर सोडायचाय."

ठमाबाई जाळ्याचं भोक सांधत बसली होती. "कोण म्हणतं?"

"मुहूर्त निघालाय."

"माशांना पत्रिका धाडलीत का?"

प्रधान हसला. मोठी माणसं लहान माणसांच्या विनोदाला हसतात तसं. "अहो, गेल्या वर्षी तुम्ही दसऱ्यालाच सोडला होता. यंदा तर मी वर सहा दिवस दिलेत."

"गेल्या वर्षी पाऊस मृगात आला होता. यंदा आर्द्रा कोरडी गेली. पाऊस लांबला की त्यांचं बाळंतपण लांबतं. तुम्ही दिवस देऊन काय होतंय?"

"बावीस राजे येतायत, बाई."

"येऊ द्या की. दूध पितील, चांदणं बघतील, जातील."

प्रधानाच्या माणसानं पुढे होऊन एक तबक ठेवलं. त्यात जरीचं लुगडं होतं, खण होता. "महाराजांकडून," प्रधान म्हणाला. "आणि दोर वेळेवर सुटला, तर हे घर आणि खाचर कायमचं तुमच्या नावावर."

ठमाबाईनं लुगड्याचा पोत बोटांनी चाचपून पाहिला. लुगडं सुरेख होतं. तिनं तबक उचललं आणि पालखीत नेऊन ठेवलं. "लाह्या टाकीन," ती म्हणाली. "थोरल्या माद्या आल्या तर सोडीन. नाही आल्या तर नाही."

"म्हणजे थोरले मासे दिसले, की सोडाल?"

"सोडीन."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

प्रधान फार खुशीत परत गेला. ठमाबाईला त्याची ती खुशी काही आवडली नाही.

कोजागरी झाली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत डोहाचा काठ माणसांनी भरला. पुढे गाद्यांवर राजा आणि पाहुणे, मागे सातशे गावकरी. पाहुण्यांच्या काठ्यांना रेशमी गोंडे बांधलेले होते. भाट घसा साफ करत होता. पुजाऱ्यानं नदीची ओटी भरली, आणि ठमाबाईनं सुपातल्या लाह्या मूठ मूठ पाण्यावर उधळल्या.

आधी बारके मासे आले. मग पाणी खालून फुगल्यासारखं झालं, आणि एकामागून एक थोरल्या खडस माद्या वर आल्या. पितळी पाठी, केवढीतरी तोंडं. लाह्यांवर अशा तुटून पडल्या, की पाणी काठापर्यंत उडालं.

"आल्या! आल्या!" गाव ओरडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रधान ठमाबाईकडे बघून म्हणाला, "सोडा आता."

 ठमाबाईची नजर पाण्यावरच होती. पंचवीस वर्षं ती या माशांना लाह्या घालत होती. वरून उतरून आलेली मादी थकलेली असते, सावकाश येते, एक लाही टिपते आणि पुन्हा खोल जाते. या तर दुष्काळातून आल्यासारख्या खात होत्या. आणि डोहातल्या जुन्या मादीला काठावरच्या माणसांची सावली ओळखीची असते. या मात्र सावली हलली की बिथरत होत्या.

तिनं ओच्याला गाठ मारली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पदराची झोळी करून तिनं लाह्यांमागे लागलेली एक मादी अलगद तीत घेतली. पाहुणे पुढे वाकले. मादीच्या जबड्याची कातडी सोलवटलेली होती, पाठीवर जाळ्याचे वळ होते.

"ताट आणा," ठमाबाई म्हणाली.

पुजाऱ्याला काही कळेना, पण त्यानं ओटीचं ताट पुढे केलं. तिनं मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच, अगदी हलकेच फिरवला. ताटात नारिंगी गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, सांडली. मोहरीच्या दाण्यांसारखी, ओंजळभर.

तिनं मादी पाण्यात सोडली आणि ताट दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दिसेल असं धरलं. "बघा! ही बाळंत होऊन सासरी आलेली नाही. हिचे दिवस भरत आलेत, आणि माहेराच्या वाटेवरून हिला कोणीतरी जाळ्यात ओढून खाली आणलंय. आणून कुठंतरी उपाशी डांबून ठेवलंय, म्हणून लाह्यांवर अशी पडतेय. कोणी आणलंय, ते मला विचारू नका. ज्यानं आणलंय, त्याला विचारा."

 प्रधान आपल्या अंगरख्याची बाही नीट करत होता.

राजा गादीवरून उठला, चार पावलं पुढे आला. त्यानं ताटात पाहिलं. मग त्यानं मागं वळून बावीस पाहुण्यांकडे, बावीस काठ्यांकडे पाहिलं.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तुझं खरं असेल. पण पाहुणे आलेत."

ध्यानात घ्या, राजा फसला नव्हता. फसला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही तो तसं बोलला.

"महाराज, आले तसे जातील. दोर मी सोडणार नाही."

"हुकूम आहे."

"हुकूम तुमचा, पण गाठ माझी. आज ही सोडली तर पुढं या नदीत गाठायला काही उरणार नाही."

मागून एक खानावळवाला कुजबुजला, "सोड ना गं ठमे, चार दिवस आमच्या चुली पेटतात, त्याही विझवतेस का?"

ती वळली. "दगडू, तुझी चूल चार दिवस पेटावी म्हणून मी जन्मभराचं सरपण जाळू का?"

पाहुण्यांत एक म्हातारा सरदार होता. त्यानं आपली काठी गुंडाळली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आमच्या गावी बाळंतिणीशी कुस्ती खेळत नाहीत." आणि तो घोड्यावर बसून निघून गेला. बाकीचे एकवीस बसून राहिले.

प्रधान राजाच्या कानाशी लागला. क्षणात हुकूम सुटला: ठमाबाईची राखणदारी काढली. आजपासून राखणदार तिचा धाकटा दीर. म्हणजे राखणदाराच्याच हातानं दोर सुटेल, आणि रीत मोडली असं कोणी म्हणणार नाही.

दीर पुढे आला. "वहिनी, काय करू? तुम्ही सांगा."

"भावजी, मी काय करते ते तुम्ही बघितलंत. तुमचं तुम्ही बघा."

त्यानं घराकडे बघितलं. दारात त्याची बायको उभी होती. त्यानं खाली मान घातली आणि गाठ सोडली.

त्या दिवशी काय झालं ते लांबण लावून सांगण्यात अर्थ नाही. सोन्याचं कडं वजनदार माशाला होतं, त्यामुळे हातभराहून लांब मासा पाण्यात सोडायचा हा नियम कोणाला आठवला नाही. ज्याच्या त्याच्या गळाला माद्या लागल्या, कारण प्रधानानं आणून भरल्या होत्या माद्याच. संध्याकाळी त्या काठावर ओळीनं मांडल्या. सगळ्यांत वजनदार मासा राजाचा निघाला. निघणारच होता, तराजू प्रधानाकडे होता. भाटानं पोवाडा म्हटला. गाभोळी तळून पानात वाढली आणि पाहुण्यांनी मागून मागून खाल्ली.

ठमाबाई मात्र दोर सुटला त्याच दुपारी दोन गाठोडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर मावसबहिणीकडे गेली. तिथं गोट्यांच्या उथळ पाण्यात पाच-सहा माद्या प्रधानाच्या जाळ्यांतून सुटून राहिल्या होत्या. बाई रोज सकाळी हातात काठी घेऊन तिथं बसू लागली. तिला कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, घर नव्हतं. जाळं घेऊन कोणी आला की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वाडीवरची माणसं म्हणायची, "त्या बाईच्या वाटेला जाऊ नका. वाघ बरा."

पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे आले. आठ दिवस गळ टाकून बसले. लागले ते तळहाताएवढे मासे. त्याच्या पुढल्या वर्षी तेही लागेनात. प्रधानानं शेजारच्या तलावातले रोहू आणून डोहात सोडले. एका पाहुण्या राजाच्या गळाला त्यातला एक लागला. तो ओढल्याबरोबर ओल्या धोतरासारखा निमूट काठावर आला. पाहुणा राजा पोट धरधरून हसला. "काय हो, तुमच्या खडसांनी संन्यास घेतला का?"

हे हसणं राजाच्या जिव्हारी लागलं. त्यानं दरबार भरवला आणि विचारलं, "माझ्या नदीचं काय झालं?"

प्रधानाकडे उत्तर तयार होतं. "महाराज, त्या ठमाबाईनं जाताना नदीला शाप दिला."

शिपाई डोंगरात गेले आणि तिला घेऊन आले. तिच्या पायांना चिखल होता, हातात काठी तशीच होती.

"तू नदीला शाप दिलास?" राजानं विचारलं.

"महाराज, मला शाप देता आला असता, तर नदीला कशाला दिला असता?"

दरबारात कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. प्रधान ओरडला, "उद्धट बाई! मग मासे गेले कुठं?"

"तुमच्या पोटात. तळून." ती दरबाराकडे वळली. "सातशे माणसं होतात तुम्ही काठावर. ताट सगळ्यांना दाखवलं होतं. कोणी बोलेल का?"

 दगडू खानावळवाला छताकडे बघत होता. पुजारी जानव्याशी चाळा करत होता.

मग मागून आवाज आला. "दोर मी सोडला." तिचा दीर पुढे आला. "वहिनींनी सोडला नाही. मी सोडला, ह्या हातांनी. घर जाईल म्हणून सोडला. घर राहिलं. पण काठावर बसलो की नदी मला तोंड दाखवत नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

प्रधानानं शिपायांना खूण केली. पण राजानं हात वर केला. 

"शिक्षा याला कशाला?" तो म्हणाला. "ते ताट मी दोन हातांवरून पाहिलं होतं."

राजाला हे कबूल करायला दोन वर्षं आणि एका परक्या राजाचं हसू लागलं. पण केलं त्यानं कबूल, भर दरबारात, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"बाई," तो म्हणाला, "तुझी राखणदारी परत घे. घर घे, खाचर घे. पण एवढं सांग, हंगाम कधी उघडेल?"

"वर अकरा माद्या आहेत. पाच-सहा होत्या, त्यांच्यात खालून लपूनछपून राहिलेल्या काही आल्या. त्यांच्या पोरी आया व्हायला पाच वर्षं लागतील. मग त्या पोरींच्या पोरी. तुमच्या हयातीत उघडेल की नाही, सांगता येत नाही."

दरबार हादरला. 

"आणि राखणदारी मी अशीच घेणार नाही," ठमाबाई म्हणाली.

"अजून काय पाहिजे? लुगडं?" प्रधान कुत्सितपणे म्हणाला.

"लुगडं तुमच्या पालखीत ठेवलं होतं, ते तुम्हीच नेसा." यावेळी हसणाऱ्यांनी खोकायचे कष्ट घेतले नाहीत. "महाराज, मला तांब्याच्या पत्र्यावर एक ओळ कोरून पाहिजे. राखणदार 'नाही' म्हणाला, म्हणून त्याला काढायचं नाही. राजानंही नाही. मी चुकले, माशांच्या बाबतीत खोटं बोलले, तर काढा. पण 'नाही' म्हटलं म्हणून नाही."

"ही बाई राजाच्या वर बसायला निघालीय!" प्रधान म्हणाला.

"वर नाही, काठावर," ठमाबाई म्हणाली. "तिथंच बसत आलेय. आणि ही ओळ मिळणार नसेल, तर मी डोंगरात जाते. तिथं मला कोणी काढू शकत नाही, कारण मला कोणी नेमलेलंच नाही."

ती खरोखरच वळली आणि चालू लागली. दाराशी पोचेपर्यंत कोणी तिला थांबवलं नाही. शिपायांनी राजाकडे बघितलं. राजा सिंहासनावर एकदा पुढे सरकला, एकदा मागे सरकला.

"थांब," तो म्हणाला. आणि तांबटाला बोलावणं गेलं.

त्यानंतर सहा वर्षं गेली. डोहात पुन्हा पितळी पाठी चमकू लागल्या, अजून थोड्या, पण दिसतील एवढ्या. पाहुण्या राजांना त्याची कुणकुण लागली. त्यांची पत्रं आली. प्रधान तोच होता. राज्यं बदलतात, नद्या बदलतात, प्रधान टिकून राहतात. तो पत्रांची चळत घेऊन राजासमोर उभा राहिला. राजाचे केस आता पांढरे झाले होते आणि त्याची गळाची काठी भिंतीला टेकून उभी होती.

"महाराज, सगळे विचारतायत, यंदा हंगाम उघडायचा का?"

"बाई काय म्हणते?"

"ती नाही म्हणते. पण महाराज, आपण जर एकदा शब्द टाकलात..."

"ती नाही म्हणते ना?"

"हो."

"मग मला काय विचारता?" राजा म्हणाला. "पत्रांना उत्तर लिहा."

तात्पर्य: ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काडीची किंमत नसते, म्हणून राखणीला माणूस नेमायचा, तर आधी त्याचं 'नाही' ऐकायची तयारी ठेवावी.